भेगेतली ज्वारी

त्या सालांत आमच्या घरात कापसाला जागा होती, माणसाला नव्हती. ओसरीवर कापूस, माजघरात कापूस, देवाच्या कोनाड्याखाली कापूस. माय चुलीला पाय लावून निजायची, आणि मी व माझी बायको तुळसा गोठ्याच्या वळचणीला. दिवसभर गल्लीतल्या बाया आमच्या अंगणात रेचा फिरवत बसायच्या. दोन लाकडी लाटांमधून रुई पलीकडं जायची आणि सरकी अलीकडं टपटप पडायची. त्या रेच्याची कुरकुर अशी, की जेवताना शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. रुई उडून भाकरीवर बसायची, वरणात पडायची. माय बोटानं काढून टाकू लागली की बाबा म्हणायचे, "काढून काहून राहिली? खा. चांदी हाये ते." समुद्रापलीकडं कुठं तरी गोऱ्यांची आपसात लढाई लागली होती आणि तिकडचा कापूस बंद झाला होता, एवढंच आम्हाला ठाऊक. आमच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या त्या त्या लढाईनं. तिकडं किती मेले, आम्ही कधी विचारलं नाही.

चांदी आली आणि ज्वारी गेली. अमरावतीहून अकोल्याकडं जाणाऱ्या सडकेला लागून आमचं वावर, काळं, कंबरभर खोल. पहिल्या साली बाबांनी निम्मं वावर कापसाच्या परहाटीला दिलं, दुसऱ्या साली पाऊण, आणि तिसऱ्या साली या बांधापासून त्या बांधापर्यंत नुसती परहाटीच. आमचंच नाही, साऱ्या शिवाराचं तेच. दोन कोसांत ज्वारीचं कणीस दिसेना. ज्वारी लांबून बंडीनं यायची आणि लोक ती सोन्यासारखी उतरवून घ्यायचे. मायनं कणगीच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला. रोज पहाटे ती तुळसाला दळणापुरता दाणा मापून द्यायची. अंबाडीची भाजी होती, तुरीचं घट्ट वरण होतं, जवसाची चटणी होती, फक्त भाकरी मोजून होती. बाया शेवटी जेवतात, तेव्हा मोजणीतलं कमीजास्त त्यांच्याच ताटात पडतं. हे मला तेव्हा दिसायला पाहिजे होतं. मी ज्या कामावर होतो ते कामच मुळी पाहायचं होतं.

ते काम सांगतो. सरकारनं एक गोरा साहेब ठेवला होता. लोक कापसात माती-पाणी मिसळतात का हे त्यानं तपासायचं आणि चांगलं बी पेरा म्हणून सांगत फिरायचं. नोकरी कापसाची, पण त्याचं चित्त मुंग्यांत. पहिल्याच साली, अवकाळी पाऊस पडून गेल्यावर एका सकाळी तो आमच्या वावरात आला. बाबा हात जोडून मागं मागं. एका बिळापाशी साहेब थांबला. मुंग्यांनी भिजलेली ज्वारी आणि गवताचं बी बाहेर काढून उन्हात पसरलं होतं. साहेब अंगातल्या कोटासकट चिखलात पालथा झोपला आणि तासभर उठला नाही. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मोजणी करून राहिला वाटते." संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चावडीवर एक म्हातारा बोलला, "झाडावर पट्टी झाली, घरावर झाली. आता मुंग्याईवर बसोते सरकार. ज्याच्या वावरात जास्त मुंग्या, त्यानं आतापासून मारायले लागा." तेव्हापासून त्याचं नाव मुंगीसाहेब.

त्या सकाळी मी मधेच तोंड घातलं होतं. म्हणालो, "सायेब, दाना भिजला म्हनून सुकू घालून राहिल्या. मोड येऊ नये म्हनून टोकबी कुरतडते त्या."

साहेबाचं मराठी मुनशीकडून शिकलेलं, पोथीतलं. त्यानं मान वर केली. "टोक कुरतडताना तू स्वतः पाहिलेस?"

"नाई. माय म्हनते."

"मग ते मला सांगू नकोस. दिसले तेवढे सांग. आईला दिसले असेल तर आई सांगेल."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला कामावर घेतलं. मला पंतोजीनं धुळपाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली होती, आकडे शंभरापर्यंत. साहेबाला तेवढं पुरे होतं, कारण त्यानं लिहायचं काम माझ्याकडं ठेवलंच नाही. बिळापाशी दोन गाडगी. मुंगी दाणा घेऊन आत गेली की एका गाडग्यात चिंचोका टाकायचा. तूस घेऊन बाहेर आली की दुसऱ्यात खडा. सूर्य उगवल्यापासून जमीन तापून मुंग्या आत जाईपर्यंत बसायचं. मग चिंचोके साहेबापुढं ओतायचे. अशी तीन बिळं. लोक हसायचे. "काय गा सखाराम, आज किती बंड्या गेल्या आत?" मी सुद्धा हसायचो. पण महिन्याभरात हसू गेलं आणि गोडी लागली. मोठ्या डोक्याच्या मुंग्या दाणा फोडायच्या, बारक्या सोलायच्या. मेलेल्या मुंगीला उचलून एकाच ठिकाणी नेऊन टाकायच्या. एका बिळाची मुंगी चुकून दुसऱ्या बिळाशी गेली की तिला पाय धरून ओढत बाहेर काढायच्या. साहेब चुन्याच्या टिपक्यानं मुंग्या ओळखीच्या करायचा, म्हणून हे कळलं. त्यांच्यात पाटील नाही, कारभारी नाही, कोणी कोणाला हाक मारत नाही, आणि तरी काम अडत नाही. आमच्या घरात चौघं होतो आणि दिवसातून चार वेळा अडायचं.

साहेबाला खरी गोष्ट पाहायची होती ती निराळी. तो म्हणायचा, तुम्ही माणसं ज्वारी सोडून कापूस लावता, तुम्हाला त्याचे पैसे मिळतात. मुंगीला काय मिळतं? शिवारातला दाणा संपला तर तिच्या घराचं काय होतं? कापूस लावा म्हणून सांगायची ज्याची नोकरी, त्याच्याच डोक्यात हा किडा. तिसऱ्या साली, सारं वावर परहाटीखाली गेल्यावर, पहिलं बीळ हिवाळ्यातच ओस पडलं. दुसऱ्या बिळाच्या मुंग्या अंडी तोंडात धरून बांधाच्या गवताकडं निघून गेल्या. तिसरं बीळ बोरीच्या झुडपाजवळ होतं. ते चालू राहिलं. नुसतं चालू नाही, भर फाल्गुन-चैतात, शिवारात गवताची काडी नसताना, त्या मुंग्या ज्वारीचे टपोरे दाणे घेऊन आत जात होत्या. मी चिंचोके टाकत होतो आणि साहेब वेडा होत होता. एवढ्या उन्हात दुसरा गोरा चिखलदऱ्याला पळाला असता. हा आमच्या आमराईत तंबू ठोकून राहिला.

मला उलगडा झाला तो चैतात. एक दिवस मी रोजच्यापेक्षा अगोदर वावरात गेलो. तांबडं फुटत होतं. तुळसा जळणाला पऱ्हाट्या वेचायला म्हणून घरातून माझ्याआधी निघायची. ती बोरीजवळ उकिडवी बसली होती. आमची काळी जमीन उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जाईल. तिनं पदराच्या गाठीतून मूठभर ज्वारी काढली आणि दाणा दाणा त्या भेगेत सोडला. उघड्यावर टाकला असता तर बाबांना दिसला असता.

"काय करून राहिली वं?" मी विचारलं.

ती दचकली. मग तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. मी समजलो. आमच्याकडं बाया असा नेम धरतात. लेकरू होत नसलं की आषाढातल्या आखाडीपासून पुढच्या आखाडीपर्यंत, वर्षभर, एक दिवस न चुकता, काळ्या मुंगीच्या घराला मूठभर दाणा घालायचा, आणि तो आपल्या ताटातला पाहिजे. कोणाला सांगायचं नाही. कोणी पाहिलं तर चालतं, तोंडानं सांगितलं की नेम बाटला. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात दुसरी करायची कुजबुज सुरू होती. बाकीच्या बाया पीठ-साखर टाकतात. ही दाणा टाकायची. का ते मला पुढं कित्येक वर्षांनी सांगितलं: "पीठ टाकलं तं आजचं होते. दाना टाकला तं त्याईचं घर चालते." म्हणजे आठ-नऊ महिने ती रोज अर्धी भाकर कमी खात होती आणि मी तिच्या ताटासमोर बसून मुंग्यांच्या गोष्टी सांगत होतो.

मी साहेबाला काही बोललो नाही. आज नाही, उद्या सांगू, असं करत गेलो. बाबांना कळलं तर ते तिला माहेरी लावून देतील, अशी भीती होती, हे खरं. पण तेवढंच नव्हतं, आणि म्हातारपणी खोटं कशाला लिहू. साहेबाची अकोल्याला बदली होणार होती आणि तो मला पट्टेवाला म्हणून नेणार होता. मुंग्यांच्या कामाला, कायमचा. त्याला गाफील माणसं आवडत नसत. ज्या बिळाचा मी तीन वर्षं राखणदार, त्याला माझीच बायको दाणा घालते आणि मला पत्ता नाही, हे सांगायची मला लाज वाटली.

वैशाखात साहेबाला ती भेग सापडली. मुंग्यांच्या रांगेमागं रांगत रांगत तो तिथपर्यंत पोचला आणि भेगेतून दाणा घेऊन वर येणारी मुंगी त्यानं डोळ्यांनी पाहिली. त्यानं ताडलं ते असं, की ज्वारीच्या सालांत मळणीला, कापणीला जे दाणे भेगांत पडले ते खाली कोरडे राहिले, आणि वरचं धान्य संपल्यावर मुंग्या ते वर काढतात. काळी जमीनच त्यांची कणगी. किती सुंदर गोष्ट होती ती. आजही मला वाटतं, खरी असायला हरकत नव्हती. पण साहेब कच्चा नव्हता. त्यानं मला समोर उभं केलं आणि विचारलं, "सखाराम, तू रोज इथे असतोस. या जागी कोणी माणूस धान्य टाकतो काय? नीट आठवून सांग. यावर सर्व अवलंबून आहे."

मी म्हणालो, "नाई सायेब. कोनी नाई."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. गोऱ्या माणसानं तोपर्यंत मला कधी हात लावला नव्हता.

पंधरा दिवसांनी साहेब आमच्या घरी आला. हातात गुळाची भेली. कापसाच्या ढिगाला टेकून बसला आणि बाबांना म्हणाला, "तुमच्या भूमीचे नाव विलायतेला जाते आहे. माझे लिखाण पूर्ण झाले. सोमवारच्या डाकेने निघेल." बाबा म्हणाले, "जाऊ द्या सायेब. कापूस जाते, तसं तेबी जाऊ द्या." सगळे हसले. साहेबानं मग भेगेची सारी हकीकत सांगितली, दाणे कसे जुने, मुंगी कशी हुशार. दाराआड तुळसा उभी होती. तिचा पदर मला दिसत होता, तो हलला नाही.

संध्याकाळी ती मला वाढत होती. रेचे थांबले होते, म्हणून हळू बोलली. "तुमी सायबाले सांगतलं नाई?"

"नाई."

"काहून?"

"बाबा हाकलतीन तुले."

"ते माह्यं मी पाहीन. त्यानं इचारलं होतं का तुमाले?"

मी भाकरी मोडत राहिलो. तिला उत्तर मिळालं.

"तीन वर्सं त्या मानसानं उन्हात काढले," ती म्हणाली. "आन आता त्याच्या हातानं खोटं लेहून जाऊन राहिलं. माह्या मुठीपायी."

तेव्हा मी जे बोललो ते मला आज चाळीस-पन्नास वर्षांनी सुद्धा जसंच्या तसं आठवतं. मी म्हणालो, "तू सांगतलं तं तुहा नेम बाटते. एक महिना राह्यला. लेकरू पायजे का सायबाचा कागद पायजे, पाय तुह्यं तू." मला वाटलं, आता ही गप्प बसेल. नेमावर माझा विश्वास नव्हता, पण तिचा आहे हे मला माहीत होतं, आणि मी तो वापरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूत चिंचोके ओतत होतो, आणि ती तोंडावर पदर घेऊन दाराशी येऊन उभी राहिली. गावातली कोणती बाई आजवर त्या तंबूपाशी गेली नव्हती. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

"सायेब, त्या भेगीत जवारी मी टाकतो. रोज एक मूठ. आखाडीपासून."

साहेबानं टाक खाली ठेवला. तो ओरडेल असं मला वाटलं. तो उठला, आपली खुर्ची तिच्याकडं सरकवली आणि म्हणाला, "बाई, आपण बसावे." ती खाली जमिनीवर बसली. मग साहेबही खाली बसला. त्यानं विचारायला सुरुवात केली. कोणत्या वेळी? भेग पडण्याआधी कुठे? एकही दिवस चुकला नाही? आजारी असताना? ती एकेक सांगत गेली, पाठ म्हटल्यासारखी नाही, आठवून आठवून. पावसाळ्यात ती बोरीखाली गवतात टाकायची. ताप आला तेव्हा रांगत गेली होती. साहेबानं स्वयंपाक्याकडून ज्वारी मागवली आणि तिला रोजच्यासारखी मूठ भरायला सांगितली. तिच्या मुठीतले दाणे त्यानं मेजावर मांडून मोजले. मग माझ्या गाडग्यांचे जुने आकडे काढून पाहिले. जुळले. मुंग्यांनी एक दाणा वाया जाऊ दिला नव्हता, आणि मीही मोजताना एक चिंचोका चुकवला नव्हता. सारं बरोबर होतं, माझं एक उत्तर सोडून.

"हे आपण कशासाठी करत होता?" साहेबानं शेवटी विचारलं.

"ते झालं आता," ती म्हणाली आणि उठली.

ती गेल्यावर साहेबानं लिखाणाचा गठ्ठा पुढं घेतला आणि एकेका पानावर आडव्या रेघा ओढत गेला. फाडलं नाही. सगळी पानं झाल्यावर मला म्हणाला, "तुला ठाऊक होते." विचारलं नाही, नुसतं म्हणाला. तो रागावला असता तर मी पाय धरले असते. पण त्यानं रोजच्यासारखी मला गाडगी उचलायला सांगितली. तो अजून महिनाभर राहिला, मला रोज काम दिलं, रोजची मजुरी दिली. फक्त मला काय दिसलं हे त्यानं पुन्हा विचारलं नाही. मी सांगू लागलो की तो मान हलवायचा आणि स्वतः जाऊन पाहून यायचा. अकोल्याला तो गेला, मी गेलो नाही. पुढं त्यानं मुंग्यांवर दुसरं काही लिहिलं की नाही, मला माहीत नाही. लिहिलं असेल तर दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांवर विसंबून.

ज्या बाबांची मी भीती घेऊन बसलो होतो, त्यांना त्याच संध्याकाळी कळलं. ते इतके हसले की खोकला लागला. मायला म्हणाले, "अवं, तुह्या कुलपातून मुंग्याईनं जवारी नेली, साल भरत आलं, आन तुले पत्ता नाई. दे वं सुनेले पोटभर भाकर." माय हसली नाही. पण त्या दिवसापासून तुळसाच्या ताटात भाकर पुरी पडू लागली. एवढंच होणार होतं. मी तोंड उघडलं असतं तर एवढंच होणार होतं.

बोरीजवळचं बीळ पावसाच्या आधी ओस पडलं. तुळसा पुन्हा तिकडं गेली नाही. आम्हाला लेकरू झालं नाही, ते कधीच नाही. नेम बाटला म्हणून झालं नाही असं मी म्हणत नाही. अमरावतीच्या डॉक्टरनं पुढं निराळंच कारण सांगितलं होतं, आणि ते तिच्यातलं नव्हतं. पण ती काय म्हणत असेल मनात, हे मी विचारलं नाही. दुसरी बायको मी केली नाही. लोक त्याचं कौतुक करायचे. त्यात कौतुक काही नव्हतं. मी तिच्यावर चिडून होतो, आणि चिडायला ती एक पुरे होती. भाजीत मीठ कमी पडलं, बैल लंगडला, परहाटीचा भाव पडून बाबांनी शेंब्या विकल्या, काही झालं तरी माझ्या मनात एकच यायचं, की हिनं मला साहेबापुढं खोटं पाडलं, नाही तर मी आज कुठं असतो. हिनं पाडलं. किती वर्षं मी असं म्हणत होतो. खोटा मी आधीच होतो, तिनं फक्त जाऊन खरं सांगितलं, हे कळायला मला केस पिकावे लागले, आणि कळल्यावर सुद्धा मी तिला ते म्हणालो नाही. नवराबायकोत असं बोलायची आमच्यात पद्धत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. मुंग्यांवर मात्र मी तासन्‌तास बोलायचो, चुलत पुतण्यांना, रस्त्यावरच्या लोकांना. ती ऐकत बसायची. मधेच कुठं मी चुकलो तर सुधारायची.

गेल्या माघात ती गेली. शेवटच्या आठवड्यात बोलणं कमी झालं होतं. पुतण्याची सून तिचं पाहायची, दुपारी मी बसायचो. एका दुपारी तिनं डोळे उघडले, आढ्याकडं पाहिलं, आणि गाऱ्हाणं नाही, नुसता हिशेब लागल्यासारखी म्हणाली, "एकच महिना राह्यला होता, नाई हो?"

कशाचा, हे मला विचारावं लागलं नाही. इतक्या वर्षांत तिनं तो विषय पहिल्यांदा काढला होता. मी म्हणायला पाहिजे होतं, तुळसे, चूक माही होती, सांगायचं मले होतं, तुले नाई. शब्द अगदी दातांशी आले होते. मी विचारलं, "पानी देऊ का?"

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग "द्या" म्हणाली. तहान तिला नव्हती. मी वाटी तोंडाशी धरली, तर माझ्यासाठी म्हणून तिनं दोन घोट घेतले.